रुसलेला ऑस्कर

माल खराब निघाला की गिऱ्हाईक भांडायला येतं. माझ्या धंद्यात माल मेला की गिऱ्हाईक हसत यायचं. "भाभीजी, वो काली वाली मछली चल बसी," हे सांगताना चेहऱ्यावर असं समाधान, की मुलाला सरकारी नोकरी लागल्याचे पेढे द्यायला आलेत असं वाटावं. "घर पे बड़ी बला आने वाली थी, मछली अपने ऊपर ले गई। अब दूसरी दे दो।" मी दुसरी देत असे. गल्ल्याच्या दृष्टीने हे फारच सोयीचं होतं, आणि तरीही मला दर वेळी संताप यायचा. कारण मासा बला घेऊन मेलेला नसायचा. तो कणकेच्या गोळ्या खाऊन मेलेला असायचा.

उज्जैनच्या आमच्या मराठी घरांतल्या बायका शाळेत शिकवायला गेल्या, बँकेत गेल्या, पोस्टात गेल्या. मी फ्रीगंजात टावर चौकामागच्या गल्लीत रंगीत मासे विकले. मिस्टरांची कापडगिरणी बंद पडली होती आणि दिरांचं तसबिरींना काचा बसवायचं दुकान अर्धं रिकामं होतं. त्याच सुमारास बाजारात सिलिकॉनची ट्यूब आली. त्याआधी माशांची टाकी म्हणजे लोखंडी पट्ट्यांची चौकट आणि फटींत भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी; ती टाकी वर्षाच्या आत गळायचीच. आता काचेला काच नुसती चिकटवली की झालं. दिरांनी पहिली टाकी केली, पाणी भरलं आणि आम्ही सगळे तिच्याभोवती फडकी घेऊन बसून राहिलो. गळली नाही. त्या दिवशी आमचा धंदा ठरला. सासूबाई मात्र शेवटपर्यंत लोकांना "काचेचं दुकान आहे" असंच सांगत. पुण्याच्या नातेवाइकांना खरं सांगायची सोयच नव्हती, ते लगेच पापलेटचा भाव विचारायचे.

मासे मुंबईच्या गाडीने थर्माकोलच्या खोक्यांतून यायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी थोडं, प्राणवायू जास्त. पिशवी फोडून मासा धाडकन टाकीत सोडायचा नसतो. आधी पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवायची, आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकं कोमट-गार होऊ द्यायचं आणि मग हळूच गाठ सोडायची. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मग वापरायचं. आणि वीज गेली, जी त्या काळात रोजच जायची, की हवेचा पंप बंद पडतो, तेव्हा लोटाभर पाणी घेऊन उंचावरून धार धरायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. धंदा सगळा एवढाच आहे. तो लोकांना समजावता समजावता माझा घसा बसला.

कारण आमच्या गावाला वेगळीच खोड. इथला माणूस लहानपणापासून क्षिप्रेच्या रामघाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालत मोठा झालेला. पुण्य गोळ्यांच्या संख्येवर मोजायचं. तोच हात घरी टाकीवर चालायचा. सकाळी आजी घालणार, दुपारी सून, संध्याकाळी पाहुणे. क्षिप्रेत ते पुण्य वाहून जातं, दोन फुटांच्या टाकीत ते तळाला बसून कुजतं. मासा मारायला विष लागत नाही, माया पुरते, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. ते हसायचे आणि पुढल्या महिन्यात बला गेल्याची खुशखबर घेऊन यायचे.

ती वर्षंच मोठी गमतीची होती. बाजार खुला झाला होता, घरोघर केबल आली होती आणि त्या केबलवर समुद्राच्या तळाचे असे असे मासे दिसत की आमचे गोल्डफिश बिचारे कांद्याबटाट्यासारखे वाटायला लागले. पैसा हातात आलेल्या माणसाला शेजाऱ्याकडे आहे ते नको असतं. टावर चौकातले एक मिठाईवाले शेठजी एक दिवस आले. म्हणाले, "भाभीजी, सबके यहाँ पामेरियन कुत्ता है। अपने को ऐसी चीज़ दो कि आदमी देखे और दो क़दम पीछे हटे।" त्यांना पिरान्हा हवा होता. केबलवर त्याने अख्खी गाय खाल्लेली त्यांनी पाहिली होती.

मी विचारलं, "शेठजी, वो मांस खाएगी। घर में चलेगा?"

शेठजी कानांना हात लावून दोन पावलं खरोखरच मागे हटले. त्यांच्या घरात कांदासुद्धा जात नव्हता. मग मी त्यांना पाकू दाखवला. पिरान्ह्याचा लांबचा भाऊ, तसाच लाल पोटाचा, तसाच जबडा पुढे आलेला, आणि खातो काय तर काकडी. हा पिरान्हा नव्हे हे मी दोनदा सांगितलं. शेठजींनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "किसी को बताना मत।" पुढे कितीतरी वर्षं पेढे घ्यायला आलेली पोरंटोरं त्या टाकीपासून लांब उभी राहायची. दुकान बंद झालं की शेठजी शटर ओढून त्याला प्रेमाने काकडी चिरून घालायचे. दोनदा त्यांनी मोठी टाकी करून घेतली. माझ्या हातून गेलेल्या माशांत तो सर्वांत सुखी असावा.

लक्ष्मी येते म्हणून जिवंत कासव मागणारे तर आठवड्याला एक. ते कायद्याने बंद आहे असं सांगितलं की, "मॅडम, गुपचूप," असं म्हणून डोळा मारायचे. मी त्यांना दुकानाच्या पायऱ्या दाखवायची. बोलायला मी फटकळच होते. या सगळ्यांना पाहून माझं मत पक्कं झालं होतं की जगावेगळं जनावर पाळणं ही निव्वळ मिरवायची हौस. माणसाला स्वतःत काही वेगळं सापडलं नाही की तो ते टाकीत घालून ठेवतो, असं मी मिस्टरांना म्हणायची. हे मत माझं दिघेकाकांनी मोडलं.

काका रेल्वेत गार्ड होते, नुकतेच रिटायर झालेले. काकू आधीच गेलेल्या. मुलगा नोकरीने भोपाळला, रविवारी येणारा, आणि घरात सून सुनंदा आणि नात अनू. काका संध्याकाळी फिरायला निघत आणि माझ्या दुकानात एका टाकीसमोर येऊन थांबत. त्या टाकीत एक ऑस्कर होता. ऑस्कर ही माशाची जात. दिसायला काही खास नाही, काळपट अंग आणि त्यावर विझत्या निखाऱ्यासारखे डाग. लहान मासे गिळतो म्हणून त्याला एकटा ठेवावा लागतो, आणि म्हणूनच कुणी घेत नव्हतं. काका डावीकडे सरकले की तो डावीकडे, उजवीकडे सरकले की उजवीकडे.

"वहिनी, हा मला बघतो का हो?" त्यांनी विचारलं.

"बघतो. थोड्या दिवसांनी ओळखेलसुद्धा. ही जात ओळखते."

"खरंच?"

"काका, सोबत हवी असेल तर कुत्रा घ्या ना. याला टाकी मोठी लागेल, खर्च आहे."

"कुत्रा सगळ्यांकडेच बघतो," काका म्हणाले. मग जरा लाजत बोलले, "आमची नोकरी म्हणजे शेवटच्या डब्यातली. गाडी आली की सगळे इंजिनाकडे बघतात. गार्डाचा डबा येईतो लोक बॅगा उचलून चालू पडलेले असतात. सगळी उमर मी लोकांच्या पाठी बघितल्या, वहिनी."

मी टाकीची किंमत कमी केली. एवढ्या वर्षांत स्वतःहून कमी केलेली ती एकच.

माशाचं नाव अनूने बंडू ठेवलं. टाकी काकांच्या खाटेशेजारी बसली. काका सकाळी चहा आणि पेपर घेऊन खाटेवर बसले की बंडू काचेला नाक लावून उभा. काकांच्या चिमटीतून तो दाणे घ्यायचा. त्या दाण्यांना वास कसला येतो असं एकदा सुनंदाने विचारलं होतं, तेव्हा मी शाकाहारी घरात द्यायचं नेहमीचं उत्तर दिलं, "विचारू नका." बंडू दोनेक वर्षांत वीतभराच्या वर गेला. अनू शाळेतून आली की आधी त्याला दिवसभराची हकिगत सांगायची आणि मग हातपाय धुवायची.

मग एका पावसाळ्यात, दुपारच्या वेळी, काका दुकानात आले आणि कुठल्याच टाकीकडे न बघता उभे राहिले.

"बंडू तळाला पडलाय. आडवा. खात नाही," ते म्हणाले.

"मग चला, बघते."

"नका येऊ." मग लगेच, "म्हणजे या. पण मी बोलावलं असं नका सांगू."

त्यांना खुर्ची दिली आणि हळूहळू सगळं कळलं. अनूला टायफॉइड झाला होता. ताप उतरेना, म्हणून सुनंदाने कुणाच्या तरी सांगण्यावरून वास्तूचा जाणकार बोलावला. त्या काळी तीही नवीच टूम निघाली होती. त्याने फर्मावलं की आग्नेयेला पाणी ठेवलंय, म्हणून पोरीच्या अंगात आग आहे. टाकी उचलून ईशान्येच्या खोलीत नेली. दुसऱ्या दिवशी बंडू आडवा पडला आणि त्याच दिवसापासून अनूचा तापही उतरला. शेजारीण म्हणाली, देखो, मछली ने ले लिया. आता घरात सगळे हात जोडून माशाच्या मरणाची वाट बघत होते. माशाला औषध दिलं तर ताप परत पोरीवर येईल म्हणून मला निरोप धाडायची बंदी.

"माझी नात आहे ती, वहिनी," काका म्हणाले. "तिच्यापुढे मासा काय? मला समजतं ना. पण तो माझ्याकडे बघत पडलाय, बाई." आणि ते रुमाल शोधायला लागले.

मी लुना काढली. वाटेत दिघ्यांकडे जायचं निमित्त शोधलं, ते म्हणजे टाकीचा फिल्टर बघायला आले. सुनंदाने दार उघडलं, पण चेहरा उघडला नाही. म्हणाली, "ताई, आज राहू द्या ना. तो जातोय तर जाऊ द्या." ती वाईट बाई नव्हती. बी.एड. झालेली, समजूतदार. पण तीन आठवडे तापलेल्या पोराच्या उशाशी बसलेल्या आईला कुणी काहीही सांगावं आणि तिने ते धरून ठेवावं, अशी तिची अवस्था होती.

"हात नाही लावत, नुसतं बघते," असं म्हणून मी आत गेले.

बंडू कुशीवर पडला होता. कल्ले मात्र शांत चालले होते, अंगावर डाग नाही, पंख शाबूत, आणि वरचा डोळा माझ्याबरोबर फिरत होता. तो आजारी नव्हता. ऑस्कर रुसतो. ही जात लहान मुलासारखी आहे, टाकी हलवली, आतला दगड इकडचा तिकडे केला, तरी अंग टाकून पडून राहते. त्याला कुणाचा ताप नव्हता, घर बदललं म्हणून राग आला होता. फक्त असा रुसून, न खाता तो फार दिवस राहिला तर मात्र खरंच जातो.

टाकीशेजारी सतरंजीवर अनू बसली होती. तेव्हा चौथीत असेल. तिने माझा हात धरून मला खाली ओढलं आणि कानात म्हणाली, "काकू, मी आईला सांगितलं मला ताप नाही. मग तो उठत का नाही?"

माझ्या मनगटावरचा तिचा हात तव्यासारखा तापलेला होता.

पोरीने काय केलं होतं, ते तिनेच कानात सांगितलं. बंडू आपला ताप घेतो आहे आणि म्हणून मरणार आहे, हे तिने मोठ्यांच्या तोंडून ऐकलं. ताप त्या एका दिवसापुरता उतरून परत चढला, तेव्हा तिने तो लपवला; ताप नाहीच म्हटलं की बंडूला घ्यायला काही उरणार नाही. थर्मामीटर काखेत न धरता फ्रॉकच्या बाहीत धरायची, आई कपाळ बघायला आली की पळायची. भूक लागली म्हणायची आणि घास खिडकीतून टाकायची. ताप नाही म्हटल्यावर घरच्यांनी गोळ्याही बंद केल्या होत्या, गरम पडतात म्हणून. माशाला वाचवायला ती पोर एकटी आजारी पडून राहिली होती. मला त्या क्षणी त्या वास्तुवाल्याचा, शेजारणीचा, दुकानात हसत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा राग आला.

"सुनंदा, हिच्या कपाळाला हात लाव," एवढंच म्हणाले.

"ताई, तुम्ही माशाचं बघायला आलात की माझ्या मुलीचं?"

"हात लाव आधी."

तिने लावला आणि अनूला उचलून घेतलं. पंधरा मिनिटांत रिक्षा आली, दोघी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर चांगलेच चिडले. औषध अर्धवट सोडल्याने दुखणं उलटलं होतं. पुन्हा पहिल्यापासून गोळ्या, आणि या वेळी चुकवल्या तर भरती करावं लागेल असं त्यांनी बजावलं. पण घरी आल्यावर पोरीने गोळी तोंडात धरली आणि आईची पाठ वळताच थुंकली. तिचा हिशेब सरळ होता, आपण बरं झालो म्हणजे दुखणं बंडूकडे गेलं. बंडू उठल्याशिवाय ती बरी होणार नव्हती.

"मासा कुणाचा ताप घेत नाही गं," मी तिला सांगितलं. "घेता आला असता तर डॉक्टरांनीच माझ्याकडून मासे नेले असते. तो रुसलाय. त्याला मी उठवते, तू गोळी घे."

"आधी उठव," अनू म्हणाली.

मी शब्द तर देऊन बसले. भरलेली टाकी उचलता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि दीर गेलो, नळीने पाणी बादल्यांत काढलं, बंडूला एका बादलीत घातलं, टाकी उचलून जुन्या जागी आणली आणि तेच पाणी परत भरलं. बादल्या धरायला सुनंदा स्वतः आली. बंडूला सोडला. तो सरळ तळाशी गेला आणि पुन्हा कुशीवर पडला.

आम्ही सगळे बघत राहिलो. दाणे टाकले, तरंगत राहिले. अनू दारातून बघत होती, तोंड मिटून. सुनंदाने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या नजरेत, खरंच मरणार असेल तर काय, हे स्पष्ट दिसलं. जागा तीच, पाणी तेच, दगड तेच. आणखी काय पाहिजे बाबा तुला?

मी खोलीभर नजर फिरवली आणि मग माझ्या लक्षात आलं.

"काका, तुमची खाट कुठे आहे?"

खाट पलीकडच्या भिंतीला होती. वास्तुवाल्याने तीही फिरवली होती, दक्षिणेला डोकं पाहिजे म्हणून. टाकी परत आणताना तिचं कुणाला सुचलंच नाही. दिरांनी आणि मी खाट ओढून जुन्या जागी लावली. काका बसले. त्यांना मी म्हटलं, त्याच्याकडे बघू नका, रोज करता ते करा. सुनंदाने चहा आणून दिला. काकांनी पेपर उघडला. तो उलटा होता, पण कुणी काही बोललं नाही.

बऱ्याच वेळाने बंडूचा एक पंख हलला. मग दुसरा. मग तो अंग सावरून, आळोखेपिळोखे दिल्यासारखा सरळ झाला आणि सावकाश येऊन काचेला नाक लावून उभा राहिला. काकांनी पेपर तोंडासमोर ओढला, आणि त्यामागे ते रडत होते हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

"आई, पाणी दे," दारातून अनू म्हणाली. "गोळी घ्यायची आहे."

त्या दिवशी मला माझ्या धंद्याचं कोडं सुटलं. शेठजींची हौस मी मघा सांगितली, ती खोटी नाही. पण पुष्कळ माणसं जगावेगळं जनावर घेतात ती, आपण जागेवर नसलो तर कुणाला तरी चुकल्याचुकल्यासारखं वाटावं म्हणून. काका गार्डाच्या डब्यातून सगळी नोकरी जे शोधत होते, ते त्यांना माझ्या दुकानातल्या सर्वांत कुरूप माशात मिळालं. तेव्हापासून कुणी अजब काही मागितलं की मी पायऱ्या दाखवायच्या आधी त्याला चहा विचारू लागले.

अनू बरी झाली, अशक्तपणा जायला दिवाळी उजाडली. ती बारावी होऊन इंदूरला कॉलेजात गेली तोवर बंडू होता. अशा माशाला हे आयुष्य भरपूर झालं. शेवटी त्याला दिसेनासं झालं होतं, पण खाट करकरली की तो काचेशी यायचा.

एक दिवस सुनंदा दुकानात आली. "ताई, बंडू गेला," म्हणाली. "शेजारच्या वहिनी लगेच विचारायला आल्या, किसकी बला ले गया? मी सांगितलं, किसी की नहीं। बूढ़ा हो गया था, अपनी उमर से गया।" एवढं नीट बोलली आणि मग काउंटरवर डोकं टेकून हुंदके द्यायला लागली. मासा मेला म्हणून माझ्याकडे रडत आलेलं ते पहिलं गिऱ्हाईक. मी तिला स्टूल दिलं आणि तिच्याबरोबर मीही रडून घेतलं.

"अनूला कसं सांगू? तिला सर्दी-खोकला झालाय. तिच्या मनात परत काही आलं तर?"

दुकानातल्या फोनवरून मीच होस्टेलला लावून दिला. सुनंदाने भीत भीत सांगितलं. मग अनूचा आवाज मलाही ऐकू आला.

"आजोबा आत्ता कुठे बसलेत?"

"खाटेवरच. टाकीचं पाणी काढून टाकलं, तरी तिच्यासमोर."

"मग तू तिथे काय करतेस आई? घरी जा ना. त्यांच्यासमोर बस."

सुनंदा डोळे पुसत तशीच निघाली. मी शटर ओढलं, लुना काढली आणि मागोमाग गेले. दार उघडंच होतं. टाकी बाजूला सरकवलेली होती आणि तिच्या जागी, बरोबर काकांच्या नजरेसमोर, सुनंदा खुर्ची टाकून बसली होती. काकांनी पेपर खाली केला.